तिसऱ्या दाराची कविता

एकोणीसशे एकोणसाठ साल. वैशाख. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली होती, दुसरीचं लोखंड उभं होत होतं, आणि आम्ही खुर्सीपारला मजुरांच्या पत्र्याच्या लायनीत भाजून निघत होतो.

साल-महिना पक्का सांगतो आहे, कारण त्या वैशाखात मी जे केलं ते विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि ते जमलं नाही. आता तुम्ही चहा पाजलाच आहे तर ऐका. मधे हसू नका. हसायची जागा आली की मीच सांगतो.

मी टिंडल होतो. टिंडल म्हणजे खलाशांच्या टोळीचा म्होरक्या. जड लोखंड वर चढवायचं आणि जागेवर बसवायचं, हे आमचं काम. रशियाहून तुळया यायच्या, एकेक तुळई आमच्या चार घरांएवढी लांब. तिच्या टोकाला पांढऱ्या रंगात मार्का असायचा. एखादं परदेशी अक्षर आणि पुढे आकडा. तोच मार्का ज्या खांबावर असेल तिथं ती तुळई चढवायची. त्या अक्षराचा उच्चार काय, मला कधी कळलं नाही. गरजही नव्हती. टोकं बघायची, टोकाला टोक लावायचं, मधलं लोखंड आपोआप जागेवर जातं. आणि भोकाला भोक जुळलं नाही तर? टोकदार खुंटी घालायची आणि घण मारायचा. जुळतं. जुळावंच लागतं.

मराठी अक्षरं मी अशीच शिकलो होतो. शाळा पाहिली ती बाहेरून. अक्षर ओळखायचो, जोडाक्षरापाशी थांबायचो, आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरून जायचो. पण लायनीत हे कोणाला ठाऊक नव्हतं. कागद हातात धरायचो तो असा, की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला एकदा बघितलं की पुरतं.

घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको सुभद्रा, आणि माझी धाकटी बहीण यमुना. आई-बाप गेल्यावर मी तिला तुमसरकडच्या गावाहून इथं आणलं. तिकडे ती दुसरीपर्यंत शिकली होती. मी म्हणालो, बस झालं. मी काहीच शिकलो नाही, तरी माझ्या हाताखाली वीस माणसं आहेत. ती गप्प राहिली. माझ्या घरात गप्प राहणं म्हणजे होकार, असा माझा हिशेब होता.

आता कादंबरीकडे येतो.

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन अडीच वर्षं होत आली होती. लायनीतली बहुतेक घरं आमच्याच भंडाऱ्याकडची. दिवस कलला की विहारात सगळे जमायचे. विहार म्हणजे चार बल्ल्या आणि वर ताडपत्री. वंदना व्हायची, मग सुखदेव वाचायचा. हा सुखदेव गोंदियाचा, मॅट्रिक झालेला, वायरमनच्या हाताखाली कामाला, एकटाच राहणारा पोरगा. आधी तो विचाराचं पुस्तक वाचायचा. त्या वेळी लोक माना डोलवायचे आणि जांभया द्यायचे. मग तो दुसरं पुस्तक काढायचा आणि बाया पोरांना गप्प करायच्या.

ते दुसरं पुस्तक म्हणजे जादूची कादंबरी. तिचं मुखपृष्ठ केव्हाच गेलं होतं, नाव कोणाला माहीत नव्हतं. आम्ही तिला कुलपाची कादंबरी म्हणायचो. एका जादूगाराने राजकन्येला सात दारांच्या महालात कोंडलेलं. दाराला कुलूप नाही, दारावर कविता. कवितेत एक शब्द लपवलेला. तो शब्द ओळखून बोललं की दार उघडतं. राजपुत्र पहिल्या दाराशी तीन प्रकरणं रडला. शेवटी एका म्हाताऱ्या पोपटानं त्याला सांगितलं की प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घे. त्यानं घेतलं, शब्द निघाला, दार उघडलं.

मी म्हणालो, थोतांड आहे. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढची जागा धरली.

लायनीला त्या पोपटानं वेड लावलं. ज्याला दोन अक्षरं येत होती तो दिसेल त्या लिखाणात शब्द शोधायला लागला. सिमेंटच्या पोत्यावर, साबणाच्या कागदावर, कोणाच्या लग्नाच्या पत्रिकेवर. माझ्या टोळीतल्या एकाने ‘सावधान, ऊपर काम चालू है’ या पाटीतून स्वतःच्या साळ्याचं नाव काढलं आणि काम सोडून तो ते सगळ्यांना सांगत फिरला. मी त्याला झापलं. मग पाटीसमोर उभा राहून मीही बघितलं. मला नाही सापडला साळा.

दुसऱ्या दाराची कविता वाचली गेली तेव्हा मला राहवलं नाही. टोकं जुळवणं हे माझं काम. सुखदेव बोलायच्या आत मी भर सभेत शब्द सांगितला. तो चूक निघाला. नुसता चूक नाही, तसा शब्दच नव्हता. बाया पदराआड हसल्या. भागाबाई मात्र उघड हसली. भागाबाई आमच्या शेजारची, बाजारात भाजी विकायची आणि लायनीतली लग्नं जुळवायची. ती म्हणाली, “राहू द्या टिंडल, तुमी लोखंड उचला.”

हे मला लागलं. आता तिसरं दार मीच उघडणार, असं मी मनात धरलं.

एक रीत सांगायची राहिली. पुस्तक एक आणि ऐकणारी घरं चाळीस. सुखदेवनं पुढचं एकट्यानं वाचून घेऊ नये, म्हणून आम्ही पुस्तक शिवणीतून सोडवलं होतं. त्याच्या वेगवेगळ्या गड्ड्या केल्या, सुतळीनं बांधल्या, आणि उद्याची गड्डी पाळीपाळीनं एकेका घरात राहायची. त्याला आम्ही पहारा म्हणायचो. तिसऱ्या दाराची गड्डी आली ती माझ्या घरी पहाऱ्याला.

त्या गड्डीतलं एक पान उंदरांनी खाल्लेलं होतं. दुर्गच्या वाचनालयात पुस्तकं चाळताना सुखदेवला याच गोष्टीची दुसरी प्रत सापडली. सुखदेवनं ती एका दिवसासाठी आणली, पान हातानं उतरवलं गेलं आणि गड्डीत घातलं. निळी शाई, सुटं सुटं अक्षर. नेमकं त्याच पानावर कविता होती.

सुट्टीचा दिवस होता, त्या संध्याकाळी वाचन नव्हतं. बायका नळावर गेल्या होत्या. मी ते पान घेऊन दारात बसलो.

पहिल्या तीन ओळींची पहिली अक्षरं बघितली. ये. म. ना.

पुन्हा बघितली. ये, म, ना. यमुना.

तुम्ही म्हणाल, ‘ये’ कुठं आणि ‘य’ कुठं, आणि ‘मु’चा उकार कुठून आला? मात्रा मी घासून काढली आणि उकार पदरचा घातला. लोखंडात एवढं घासावंच लागतं. मग पुढे गेलो. चौथ्या ओळीला ‘टा’. पाचवीला सुरुवातीचं अक्षर बसेना, म्हणून तिचं शेवटचं घेतलं. तुळईला दोन टोकं असतात, तशी ओळीलाही दोन. ते निघालं ‘खी’. ‘क’ आणि ‘ख’ शेजारी राहतात, म्हणून ‘की’ धरलं. सहावी ओळ कशातच बसेना, ती सोडून दिली. सातवीला ‘व’. आठवीला ‘रा’, त्याचा काना काढला. शेवटी एक अक्षर कमी पडत होतं, तेव्हा पहिल्या ओळीतला ‘ये’ पुन्हा वापरला.

यमुना टाकीवर ये.

घामानं माझा सदरा भिजला. आमच्या लायनीच्या मागे पाण्याची टाकी होती. यमुना रोज दुपारी दोन घागरी घेऊन तिकडे जायची आणि उशिरा यायची. दुर्गहून पुस्तक आणणारा सुखदेव. पान उतरवणारा सुखदेव, असं मी धरून चाललो. छापलेल्या कवितेत अक्षरं बदलून, अख्ख्या लायनीसमोर, माझ्याच पुढ्यात बसून, माझ्या बहिणीला निरोप!

आणि ही गोष्ट साधी नव्हती. भागाबाईनं यमुनेसाठी चरोद्याचं स्थळ आणलं होतं. मुलगा रेल्वेत, घर चांगलं, माणसं नाकासमोर चालणारी. बुद्धपौर्णिमेला ते पाहायला यायचे होते. त्यांच्या कानावर टाकी गेली असती तर ते खुर्सीपारच्या वेशीवरूनच परत गेले असते. यमुनेचं नाव एकदा खराब झालं की मग ते कोण धुणार?

सुभद्रा घागर घेऊन आली. माझ्या हातात कागद बघून ती थबकली.

“काय करून राहिले?”

“वाचून राहिलो.”

“तुमी?” एवढं बोलून ती आत गेली. चांगली बाई. नवऱ्यावर बाहेर हसली नाही.

मी तिला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काम सोडून मी टाकीमागे जाऊन उभा राहिलो. ऊन असं, की टाकीचा पत्रा हात लावू देईना. यमुना आली, घागरी भरून ठेवल्या आणि विहाराकडे निघून गेली. सुखदेव आलाच नाही. दुसऱ्या कोणाची यावरून शंका फिटली असती. मी मनात म्हणालो, किती हुशार आहे बघा, मी इथं आहे हे त्याला कळलं.

यमुना भरल्या घागरी टाकून विहारात कशाला गेली, हे मी स्वतःला विचारलं नाही. ते माझ्या मार्क्यात नव्हतं.

संध्याकाळी गड्डी घेऊन विहारात गेलो. ठरवलं होतं की सुखदेवला बाजूला घ्यायचं आणि दोन वाक्यांत काय ते सांगायचं. खरंच तसं ठरवलं होतं. पण मी गड्डी त्याच्या हातात देईना, तेव्हा भागाबाई म्हणाली, “द्या ना आता. का तिसरं दार तुमीच उघडनार हाय?”

लोक हसले. माझं डोकं फिरलं.

“उघडतो,” मी म्हणालो. “हे दार जादूगारानं नाही लावलं. या सुखदेव मास्तरानं लावलं.” आणि मी सांगत सुटलो. ओळीच्या टोकावर बोट ठेवून एकेक अक्षर सांगितलं. नाव सांगितलं. टाकी सांगितली. मी सांगत होतो आणि मांडव गप्प होत होता. मला वाटलं, माझ्या हुशारीनं गप्प झाले.

सुखदेवचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो म्हणाला, “दादा, हे तुमी वाचलं?”

“वाचलं.”

“पुरं?”

“मले पुरं वाचाची गरज नाही.”

बायांमधून यमुना उठली. ती माझ्यासमोर कधी उठून उभी राहिली नव्हती. तिनं माझ्या हातातून पान घेतलं, कंदिलाकडे धरलं आणि वाचायला लागली. अडखळली नाही. थांबली नाही.

“येई वाऱ्यापरी वारू, पाठ त्याची रुपेरी,
मस्तक उंच धरी तो, नेत्र जणू अंगारी,
नाही लगाम मुखाला, पाठीवरी ना जीन,
टापांखाली ठिणग्या नि कापे सारी जमीन,
शेपूट झुलते मागे, जशी शाही पालखी…”

शेपटीपर्यंत मला कळलं नाही. शेपटीला कळलं.

तो घोडा होता. तिसऱ्या दारासमोर राजपुत्राचा घोडा उभा होता आणि त्याचं ते वर्णन होतं. दारावरची कविता पुढच्या पानावर होती, छापील. मी घोड्याच्या पाठीतून, टापांतून आणि शेपटीतून माझ्या बहिणीची बदनामी ओढून काढली होती.

इथं हसा. तेव्हाही सगळे हसले. माझी टोळी तर जमिनीवर लोळली. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही, कारण यमुना हसत नव्हती.

“भाऊ,” ती म्हणाली, “हे अक्षर सुखदेवभाऊचं नाही. माझं हाय. त्याईची कामाची पाळी होती त्या दिवशी, तवा मी उतरवलं. दुर्गच्या पुस्तकात हाय तसंच्या तसं. जाऊन पाय.”

मी म्हणालो, “तुले एवढं लिहिता येते?”

माझ्या तोंडून तेवढंच निघालं. चाळीस घरांसमोर तिचं नाव काढलं, आणि विचारलं काय, तर लिहिता येते का.

भागाबाईनं उत्तर दिलं. दुपारी सुखदेवची पाळी नसली की विहारात बायकांचा वर्ग भरायचा. यमुना टाकीवर घागरी ठेवून तिथं जायची. दिवाळीपासून जात होती. आता तर ती दुसऱ्या बायांना शिकवायची. “साऱ्या लायनीले माहीत हाय,” ती म्हणाली, “तुमाले सोडून. तुमाले कोन सांगन? सांगतलं असतं त दुसऱ्या दिवशी पोरगी घरात.”

मी सुभद्रेकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. म्हणजे माझ्या चुलीलासुद्धा माहीत होतं.

सुखदेवनं गड्ड्या गोळा केल्या, सुतळी बांधली आणि माझ्यासमोर ठेवल्या. चप्पल घालून निघून गेला. राजपुत्र तिसऱ्या दाराशी तसाच राहिला.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगतो. संध्याकाळी लोक विहारात यायचे, वंदना करायचे आणि माझ्याकडे बघत घरी जायचे. टोळीतली माणसं माझं ऐकायची, पण दोर ओढताना मागून कोणीतरी घोड्यासारखं खिंकाळायचं. मी वळलो की वीस चेहरे दगडाचे. घरात यमुना भाकरी वाढायची, पाणी द्यायची, पण एक शब्द बोलायची नाही. माझा जुना हिशेब पहिल्यांदा चुकला. गप्प राहणं म्हणजे होकार नसतो.

मग भागाबाई आली. बोलणं चरोद्यापर्यंत गेलं होतं. तिकडे घोडा पोचला नव्हता, फक्त टाकी पोचली होती. भावानंच चार लोकांत सांगितलं म्हणे, मग खोटं कसं असेल? पाहुणे येतो म्हणाले होते, कारण ठरलं होतं. पण आल्यावर विचारणार होते.

मी म्हणालो की त्यांना नको म्हणून कळवा, दुसरं स्थळ बघू. मला त्यांच्यासमोर बसायचं नव्हतं. खरी गोष्ट ती होती.

तेव्हा यमुना चुलीजवळून बोलली. “येऊ द्या त्याईले. भाऊ, तुनं चार लोकांत जे म्हनलं ते चार लोकांतच फेड. त्याईच्या समोर ती कविता वाच. पुरी. पयल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मंग लोक पायतीन त्यात काय हाय.”

“तूच वाच. तुले येते.”

“मी काहाले? वाचलं तुनं होतं.”

सुभद्रा पीठ मळत होती. तिनं वर बघितलं नाही, पण हात थांबवला. मी हो म्हणालो.

हो म्हणणं सोपं होतं. पौर्णिमा जवळ आली होती आणि मला एक ओळ धड वाचता येत नव्हती.

मी सुखदेवकडे गेलो. तो बाजेवर बसून तार सोलत होता. मी उभाच राहिलो. माणसानं माफी मागताना बसावं की उभं राहावं, हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी मागितली नव्हती.

“चुकलं,” मी म्हणालो.

“काय चुकलं?”

“सारंच.”

त्यानं तार खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो, हेसुद्धा. हे मी सुभद्रेलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याला हसू आलं असेल, पण त्यानं ते गिळलं.

“मंग अ पासून घेऊ,” तो म्हणाला. “पन वर्ग दुपारी असते. बायांचा. तुमच्या एकट्यासाठी येगळा नाही भरवनार.”

त्याला तेवढा हक्क होता. मी साहेबाकडून सकाळची पहिली पाळी मागून घेतली आणि दुपारी विहारात जाऊन बसलो. मिशीवाला, सहा फुटी टिंडल, मांडीवर पाटी, आणि आजूबाजूला लायनीतल्या अकरा बाया. पुढच्या रांगेत माझी बहीण. तिनं मागे वळून बघितलं नाही. माझ्या शेजारी भागाबाई होती. ती माझ्याहून पुढे होती. मी जोडाक्षराशी अडलो की ती आपल्या पाटीवरून नजर न काढता सांगायची, “वाऱ्यापरी, टिंडल. र अर्धा हाय.”

सुखदेवनं मला एकच शिकवलं. टोकं बघू नका. मधून चाला. ज्या शब्दावर पाय पडला तो पुरा झाल्याशिवाय दुसरा पाय उचलू नका. उंचावर तुळईवरून चालताना मी माझ्या पोरांना हेच सांगत होतो. कागदावर मला ते सुचलं नव्हतं.

मी पाठ करून टाकायचा विचार केला होता. चोरून केलंही. पण यमुनेच्या ते लक्षात आलं. घरात मी पुटपुटत होतो आणि कागद उलटा धरला होता. ती तीन शब्द बोलली. “पाठ नाही. वाच.”

पौर्णिमेला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचा बाप आणि एक काका. विहारातच बसवले, कारण माझ्या घरात एवढी माणसं मावत नव्हती, आणि लायन तर अशी जमली होती जसं काही तिसरं दार आजच उघडणार आहे. पोहे झाले, चहा झाला. यमुना कप घेऊन आली, नमस्कार करून बसली. मुलाच्या बापानं घसा साफ केला. तो रेल्वेत मुकादम होता, माझ्यासारखाच, माणसांना हाकणारा. तो म्हणाला, “बोलनं कानावर आलं हाय. तुमीच सांगतलं असं आयकलं. त्यात काय हाय ते तुमच्याच तोंडून कळलं त बरं.”

मी उठलो. खिशातून पान काढलं.

मी म्हणालो, “मी एक कविता वाचतो. तिच्यात माझ्या बहिणीचं नाव हाय, असं मी म्हनलो होतो. आयका आन सांगा कुठं हाय ते.”

आणि मी वाचायला लागलो.

मी कसा वाचलो ते विचारू नका. एकेक शब्द वर चढवावा लागला. ‘मस्तक’पाशी थांबलो. ‘नेत्र’पाशी घाम पुसला. माझ्या टोळीतला एक जण मागून हळूच “आहिस्ता, आहिस्ता” म्हणाला, जसं आम्ही तुळई खाली सोडताना म्हणतो. ठिणग्या झाल्या. जमीन कापली. शेपूट आली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

मुलाचा बाप भागाबाईकडे झुकला. हळू बोलायचं असं त्यानं ठरवलं असेल, पण मुकादमाला हळू बोलता येत नाही.

“बाई,” तो म्हणाला, “आमाले पोरगी दाखवाले बलावलं, का घोडा इकाले?”

मांडव फुटला. माणसं, बाया, पोरं, सगळे. मुलगा रुमाल तोंडात घालून हसत होता. सुखदेव हसत होता. मी मधोमध उभा, घोड्याची शेपूट हातात धरून. अशा वेळी माणसानं काय करावं? मी थांबलो आणि वाट बघितली. हसू ओसरलं तसा मी पुढचा शब्द वाचला. पुन्हा उसळलं. पुन्हा थांबलो. आठ ओळी अशाच झाल्या.

आठव्या ओळीनंतर मुलाच्या आईनं हात वर केला. “बस, भाऊ, बस. समजलं. नाव नाही, गाव नाही, काही नाही तिच्यात.” मग तिनं विचारलं की पान कोणी लिहिलं. “मी,” यमुना म्हणाली. बाईनं माझ्या हातातला कागद लांबूनच न्याहाळला, नवऱ्याशी दोन शब्द बोलली, मुलाकडे बघितलं. मुलानं रुमाल काढून मान हलवली. बाप म्हणाला, पोरगी पसंत आहे. तारीख काढा. यमुनेच्या मनात काय ते तिला विचारा. सुभद्रेनं विचारलं. यमुना हो म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

लोक उठायला लागले. कोणी साखर आणायला पळालं. भागाबाई डोळे पुसत होती. मी सुटलो. पान दुमडलं आणि खिशात घालायला लागलो.

“भाऊ,” यमुना म्हणाली. ती जागेवरच बसली होती. “अजून चार ओळी हायेत.”

मी सगळ्यांकडे बघितलं. उठलेले लोक पुन्हा बसले. मी पान उघडलं.

“दाणा घालील जो त्याला, त्याचाच तो सोबती,
चाबूक दावी जो, त्याला देत नाही तो गती,
ऐसा वारू दाराशी या उभा राही निवांत,
पाठीवरी बसायाला धनी हवा तो शांत.”

कोणी हसलं नाही. पान मी यमुनेच्या हातात दिलं. तिनं ते घेतलं.